पत्रमैत्री दुसऱ्या पत्रातच का आटोपते?

शाईचं_बोट

नमस्कार. पत्रमैत्रीविषयी विचारायचं आहे. मोबाइलवरची नव्हे, कागद-पाकीट-तिकिटाची. एका संकेतस्थळावरून निरनिराळ्या देशांतले काही पत्ते मिळवले आणि लिहायला लागलो. पहिल्या पत्राला उत्तर येतं. चांगलं लांबलचक येतं. मग मी लिहितो, त्याला जेमतेम पानभर, आणि त्यानंतर सामसूम. एखाद्याचंच नाही, बहुतेकांचं असंच होतंय.

पहिल्या पत्रात मी नाव, वय (सव्वीस), काम, छंद, आवडीनिवडी असं सगळं नीट लिहितो. समोरच्याला बोलतं करावं म्हणून शेवटी बरेच प्रश्नही विचारतो. अक्षर बरं आहे. मग बिनसतं कुठे? उत्तर नाही आलं तर किती थांबायचं? पुन्हा लिहिलं तर मागे लागल्यासारखं दिसेल का? आणि घर ते काम, काम ते घर असं ज्याचं आयुष्य आहे त्याने तिसऱ्या पत्रात लिहायचं तरी काय?

चित्रकार्ड

पोस्टक्रॉसिंग करून बघा. २००५ मध्ये एका पोर्तुगीज विद्यार्थ्याने सुरू केलेला उपक्रम आहे. तुम्ही पत्ता मागायचा, मिळालेल्या पत्त्यावर कार्ड धाडायचं आणि त्यावर दिलेला क्रमांक लिहायचा. ते पोचल्याची नोंद झाली की तुमचा पत्ता जगातल्या कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाकडे जातो आणि तुम्हाला कार्ड येतं. कोण उत्तर देतोय, कोण नाही, ही धाकधूकच नाही.

ता_क_वाली

चित्रकार्ड, उपक्रम छान आहे, मीही कार्डं पाठवते. पण त्यात ज्याला लिहिलं त्याच्याकडून परत येतच नाही, दर वेळी माणूस नवा. याला हवाय तोच माणूस पुन्हा पुन्हा. ती भूक वेगळी.

शाईचं बोट, वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते. शाळेत असताना एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या रकान्यातून मला तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या एका मुलीचा पत्ता मिळाला. आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, तेव्हा मला पाकिटावरची शेवटची ओळ बदलावी लागली. पाकिटाच्या आतलं आमचं भांडण, कशाबद्दल होतं कोण जाणे, ते पुढे चालूच राहिलं. त्या काळी पत्ते जुळवून देणाऱ्या मोठमोठ्या संस्था होत्या. फिनलंडमधली इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस त्यातलीच, वय आणि भाषा पाहून मुलामुलींना पत्ते पाठवायची. ती २००८ मध्ये बंद पडली.

आता तुझं. नाव, वय, काम, छंद आणि खाली प्रश्नांची रांग, हे पत्र नाही, अर्ज आहे. समोरचा भला माणूस असतो, एकेका प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवतो. म्हणूनच पहिलं उत्तर लांबलचक येतं. मग प्रश्न संपतात, आणि त्यांच्याबरोबर सगळंच. त्याला तुझ्याबद्दल माहिती मिळाली, तू काही भेटला नाहीस.

पहिल्या पत्रात एकच गोष्ट सांग, पण पुरती सांग. प्रश्न एक, फार तर दोन. आणि खरं काम दुसऱ्या पत्रात असतं. त्याचं पत्र शेजारी उघडं ठेवून लिही. त्याने काय काय लिहिलंय ते ओळीओळीने बघ आणि जिथे त्याने सहज म्हणून काही टाकून दिलंय तिथे थांब. माझ्या मैत्रिणीने दुसऱ्या पत्रात जाता जाता लिहिलं होतं की पहाटे पहिली ट्राम निघाली की तिच्या खिडकीची काच थरथरते. मी त्यावरच अर्धं पान लिहिलं: कुठली काच, वरची की खालची, त्याने जाग येते की आता सवय झाली, ट्राम रिकामी असते का. तिने उत्तरात खिडकीचं चित्र काढून पाठवलं, कोणती काच ते बाण काढून दाखवलं. पुढे त्या ट्रामचा चालक आमच्या पत्रांत माणूस म्हणून वावरू लागला. त्याला आम्ही दोघींनी लग्न, दोन मुलं आणि एक भांडखोर सासरा दिला. खरा चालक कोण होता, देव जाणे.

आपलं पत्र कुणी नीट वाचलंय हे कळलं की माणूस पुन्हा लिहितो. दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

थांबण्याचं म्हणशील तर परदेशी पत्राचा भरवसा दिवसांवर मोजू नकोस. दोन-तीन महिने जाऊ दे. मग एक चित्रकार्ड टाक, चार ओळींचं, त्यात तुझ्याकडची एखादी नवी गोष्ट. "माझं पत्र मिळालं का, उत्तर का नाही" हे अजिबात नको. लोकांना अपराधी वाटायला लागलं की ते आणखीनच लिहीत नाहीत. त्यावरही शांतता असेल तर सोडून दे.

आणि पत्रांवर क्रमांक घाल. तुझं सातवं तिकडे निघालेलं असतं तेव्हा त्याचं सहावं इकडे येत असतं, वाटेत पत्रं एकमेकांना ओलांडतात. क्रमांक नसेल तर कोणतं उत्तर कशाला, याचा पत्ता लागत नाही. टाकण्याआधी पत्राचा फोटोही काढून ठेव. मला एकदा एवढंच उत्तर आलं होतं: "हो, अजून आहे, पण आता चालत नाही." काय चालत नाही? आजोबा की घड्याळ?

ता. क. तुझं काम काय, ते तू इथेसुद्धा लिहिलं नाहीस.

सावकाश_चालणारा

फोटो काढून ठेवणं मला पटत नाही. पत्र दिलं की ते त्याचं झालं. विसरलो तर विसरलो, त्यातही मजा असते. असो.

कागदावर जाण्याआधी हात बसवायचा असेल तर स्लोली नावाचं ॲप आहे. त्यात पत्र लगेच पोचत नाही, दोघांमधल्या अंतराप्रमाणे वेळ लागतो. जवळच्याला लवकर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला दोन दिवसांहून जास्त. घरचा पत्ता द्यावा लागत नाही, ही मोठी सोय. अनोळखी माणसाला घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्टात पेटी भाड्याने मिळते, तीही चालते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पत्रातच आजारपण, अडकलेले पैसे असं काही यायला लागलं तर ती मैत्री नव्हे. उत्तर न देता फाइल बंद.

निवृत्त_टपाली

पत्रं वर्गीकरण करण्यात आयुष्य गेलं, म्हणून पाकिटाबद्दल बोलतो. आतल्या मजकुरातलं मला कळत नाही.

देशाचं नाव सर्वांत खाली, रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत. बाकीचा पत्ता त्या देशाच्या लिपीत असला तरी चालेल, उलट तिकडच्या पोस्टमनला बरंच पडतं. पण आपल्याकडून बाहेर काढणाऱ्याला देश वाचता आला पाहिजे. पत्ता फाउंटन पेनाच्या शाईने लिहू नका. एक पावसाचा थेंब आणि गाव गायब. बॉलपेन वापरा. लाखेचे मोहोर हल्ली लोक पुन्हा लावायला लागलेत. यंत्रात ते फुटतात, कधी पाकीटही फाडतात. हौस असेल तर मोहोर आतल्या पाकिटावर, त्यावर साधं पाकीट.

साध्या पाकिटात नाणी-नोटा घालायला आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांनी बंदी आहे, तरी लोक "आठवण म्हणून" घालतात. बियाही नकोत, कित्येक देश त्या जप्त करतात. नुसतं पत्र असेल तर सीमाशुल्काचा कागद लागत नाही, वस्तू घातली की लागतो.

आणि लिहायचं असेल तर लवकर लिहा. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या सरकारी टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं बंद केलं. तिथे आता ते काम खासगी कंपनीकडे आहे.

शाईचं_बोट

सगळ्यांचे आभार. ता_क_वाली, अर्ज हा शब्द लागला, पण बरोबर आहे. माझं काम: वजनकाटे तपासून देतो. कारखान्यांतले, प्रयोगशाळांमधले. त्यात सांगण्यासारखं काही नाही म्हणून लिहीत नव्हतो.

अजून एक शंका. माझी एक पत्रमैत्रीण विद्यार्थिनी आहे, टपालखर्च परवडत नाही म्हणाली. तिचं परतीचं तिकीट मी कसं पाठवू? माझ्या देशाचं तिकीट तिच्या काय कामाचं!

ता_क_वाली

त्यासाठीच आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन आहे. १९०६ च्या रोमच्या टपाल परिषदेत ते ठरलं. तू इकडे विकत घ्यायचं, तिने तिकडे पोस्टात देऊन परदेशी पत्राचं तिकीट घ्यायचं. याच कूपनांच्या देशोदेशीच्या किमतींतल्या फरकावर श्रीमंत करतो असं सांगून चार्ल्स पाँझी नावाच्या ठगाने १९२० मध्ये बॉस्टनमध्ये हजारो लोकांना बुडवलं. कूपनं त्याने फारशी घेतलीच नव्हती, नव्यांचे पैसे जुन्यांना वाटत होता. हल्ली बऱ्याच देशांत ती विकत मिळत नाहीत, तेव्हा आधी चौकशी कर. नाही मिळाली तर तू कागदावर पाठव, तिला ईमेलने उत्तर देऊ दे. परवडेल तेव्हा कागद. शुद्धतेच्या हट्टापायी माणूस घालवू नकोस.

आणि सांगण्यासारखं नाही म्हणजे काय? काटा खोटं दाखवतोय हे तुला कसं कळतं?

शाईचं_बोट

खूप प्रकार आहेत. सोपा सांगतो. एकच वजन आधी पाटाच्या मधोमध ठेवायचं, मग एकेका कोपऱ्यात. आकडा बदलला की काट्यात दोष आहे. काही काटे मधोमध अगदी सज्जन असतात आणि डाव्या कोपऱ्यात बेमालूम थाप मारतात. एका ठिकाणच्या माणसांना ते माहीत होतं आणि ते मुद्दाम त्याच कोपऱ्यात...

थांबा. हे इथे नको. हे आधी एका पाकिटात जाऊ दे.

निवृत्त_टपाली

पाकिटात जाऊ दे, पण आम्हाला अर्ध्यावर टांगून ठेवू नका. कोपऱ्यात काय ठेवत होते?