पारा ४ वर, तरी गवतावरचं दव गोठलं कसं?

निफाडचा_बागवाला: पहाटे द्राक्षाच्या बागेत गेलो तर थर्मामीटर ४ अंश दाखवतोय आणि बांधावरच्या गवतावर, गाडीच्या सीटवर दव गोठून पांढरं झालेलं. पाणी तर ० ला गोठतं ना? थर्मामीटर नवा आहे. मणी फुगायला लागलेत, तडे जातील ही धास्ती. घरचे म्हणतात पहाटे विहिरीचं पाणी सोड, शेकोट्या पेटव. पाण्यानं गारठा अजून नाही का वाढणार?

सिन्नरकर_फिजिक्स: दादा, थर्मामीटर बरोबर आहे, पण तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नाही. प्रत्येक वस्तू इन्फ्रारेड किरणांतून सतत उष्णता सोडत असते, निरभ्र रात्री ती वर निघून जाते आणि आकाशाकडून परत फार कमी येते, म्हणून पातळ पान, सीट, पत्रा हे सगळं भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. त्यात वारा पडलेला असला की वरची जरा उबदार हवा खाली मिसळत नाही, गार हवा जड, ती जमिनीलगत बसून राहते. ढगाळ रात्री ढग बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात, तेव्हा हा त्रास नसतो. एक थर्मामीटर गवतात उघड्यावर ठेवून बघाच.

पिंपळगाव_द्राक्ष: पाणी बिनधास्त सोडा. विहिरीचं पाणी २४ अंश धरलं तर ४ पर्यंत निवताना १ लिटर पाणी साधारण ८४ किलोज्यूल उष्णता बागेला देतं, आणि ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या भुसभुशीत जमिनीपेक्षा जास्त साठवते अन् रात्री वर पोचवतेही चांगली. फक्त पाणी जमिनीतच द्या, पानांवर हलका फवारा नको, बाष्पीभवन झालं की पान उलट गार होतं, आणि घड ओले राहिले तर रोगाला आमंत्रण.

निफाडचा_बागवाला: आणि शेकोटीचं काय, धूर जास्त करायचा ना? ओला पालापाचोळा टाकतात सगळे.

सिन्नरकर_फिजिक्स: नाही ओ, धुराचे कण इतके बारीक असतात की ते इन्फ्रारेड फारसं अडवत नाहीत. काम करते ती आगीची उष्णता, त्यामुळे सुकं सरपण घ्या आणि एका मोठ्या जाळापेक्षा बागेत जागोजागी लहान लहान शेकोट्या करा, मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. वेलींपासून लांब पेटवा. आणि उजाडायची वाट बघू नका, पारा सगळ्यात खाली सूर्योदयाच्या सुमारास जातो, पहाटे चार वाजल्यापासूनच सुरू करा.