वेरा (घरपट्टी) भरतो, मग टायफॉइडची लस विकत का?

दांडियाबाजारकर
मुलीला नऊ महिने झाले. इथे बडोद्यात कॉर्पोरेशनच्या अर्बन हेल्थ सेंटरवर गोवर-रुबेला फुकट टोचली. टायफॉइडची विचारली तर सिस्टर म्हणाल्या, "ती येतच नाही, बाहेर घ्या." कॉर्पोरेशनच्या बजेटची पीडीएफ चाळली, लसखरेदी कुठे दिसली नाही. आपल्या वेऱ्यातून लसी घेत नाहीत का?

निवृत्त_सिस्टर_मांजलपूर
भाऊ, दिसणार नाहीच. नेहमीच्या लसी केंद्र सरकार घेतं आणि राज्यामार्फत सेंटरपर्यंत पाठवतं. बाटली दिल्लीची, पुढचा पसारा इथला. २ ते ८ डिग्रीवरचा फ्रिज, लाईट गेली की धावपळ, बुधवारचा ममता दिवस (आई-बाळांच्या लसी-तपासणीचा), घरोघर यादी करणारी आशाबेन. त्यातलं काही नॅशनल हेल्थ मिशनचं (केंद्र ६० टक्के, राज्य ४०), काही कॉर्पोरेशनचं. पगार, इमारती, दुरुस्ती अशा नावांखाली ते विखुरलेलं असतं, म्हणून "लसीकरण" शोधून हाती काही लागत नाही.

बीसीजीचंच (टीबीची लस) बघा. बाटली दहा डोसांची, आणि एकदा घोळली की चार तासांत संपवायची. समोर तीनच बाळं असली तरी फोडायची. मीटिंगमध्ये साहेब वेस्टेज, म्हणजे वाया गेलेले डोस, विचारायचे. मी म्हणायची, त्या तिघांना काय पुढच्या बुधवारी बोलावू?

सयाजीगंज_७
पंधराव्या वित्त आयोगाने आरोग्यासाठी स्थानिक संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी दिले होते ना? त्यातून घ्यायची.

निवृत्त_सिस्टर_मांजलपूर
ते २०२१ ते २६ साठी, देशभराचे. इमारती, तपासण्या, शहरी वेलनेस सेंटर यांसाठीच राखलेले. लस त्यात बसत नाही.

टायफॉइडची लस केंद्र पाठवत नाही, म्हणजे कॉर्पोरेशनने स्वतः ठरवायला हवं. ठरवता येतं! नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून लाखावर मुलांना दिली.

दांडियाबाजारकर
मग मी थांबू का?

निवृत्त_सिस्टर_मांजलपूर
छे! मुलांच्या डॉक्टरांना विचारून देऊन टाका. कॉर्पोरेशनला जाग येईपर्यंत ती शाळेत जायला लागेल. आणि नगरसेवकाला लेखी अर्ज द्या, बजेट सभेत यायच्या आत. सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आवक नंबर घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी सांगितलेलं तिथे चहाबरोबर संपतं.