शब्दचर्चा: 'सुटला बिचारा', इच्छामरण आणि 'मी बिफोर यू'

जोजो मॉईसची 'मी बिफोर यू' ही कादंबरी २०१२ची. तिचा अपंग नायक विल शेवटी स्वित्झर्लंडला जाऊन स्वतःच्या इच्छेने मरण घेतो. २०१६ला पिक्चर आला तेव्हा लंडनच्या प्रीमियरला अपंग कार्यकर्ते निषेधाला उभे होते, आणि तरी आजही कोणी वाचून संपवली की "खूप रडले गं, पण सुटला बिचारा" हेच कानावर येतं. मला त्या 'सुटला'बद्दलच बोलायचंय.

आपण 'सुटला' कोणाला म्हणतो? जो महिनोन्महिने अंथरुणाला खिळलाय, ज्याचं आता काही खरं नाही, त्याला. विल ट्रेनर त्यातला नाहीये. पस्तिशीचा माणूस, मोटारसायकलच्या धडकेत मानेला मार बसून हातपाय जवळजवळ गेलेत, दुखणं आहे, न्यूमोनिया होतो, लेखिकेने ते चांगलं लिहिलंयही. पण तो त्याची काळजी घ्यायला ठेवलेल्या लूबरोबर कॉन्सर्टला जातो, एका लग्नात तिला मांडीवर घेऊन व्हीलचेअर गरागरा फिरवतो, मॉरिशसला जातो. त्याला 'सुटला' म्हटलं की अपंग असणं हेच मरणापेक्षा वाईट असं आपण धरून चालतो, आणि निषेध करणाऱ्यांचा राग नेमका यावरच होता.

घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग बघा. पार्किंगच्या चिखलात खुर्ची रुतते, माणसं बोलवून काढावी लागते, मग जेवायला जावं तर वेगळा बिल्ला पाहिजे म्हणून नकार. वाचताना वाटतं किती परस्वाधीन झालाय हा. अहो पण खुर्ची अडली ती चिखलाने, तिथे चार फळ्या टाकल्या असत्या तर गेली असती की सरळ! हे एवढं बारकाईने पाहणारी लेखिका शेवटाकडे येताना सगळा भार परत विलच्या शरीरावरच टाकते, ते मला फार लागलं. चॅटरूममधले तसेच अपंग लोक येतात, जगतायत, बोलतायत, पण थोडक्यात येऊन जातात.

आता शेवटासाठी शब्द कुठला? 'दयामरण' नको. अरुणा शानबागच्या केसमुळे (सुप्रीम कोर्ट, २०११) तो शब्द घरोघरी गेला, पण त्यांना स्वतःचं म्हणणं सांगता येत नव्हतं, विल तर खणखणीत सांगतो. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये औषध ज्याचं त्यानेच घ्यायचं असतं, दुसऱ्याने द्यायला तिथेही बंदी आहे. 'इच्छामरण' जवळचा आहे, फक्त तो उच्चारला की मागे भीष्म उभे राहतात, वरदान, उत्तरायण, सगळं तेजच तेज. कादंबरी विलला तेच तेज देते, आणि लू पॅरिसमध्ये बसून त्याचं पत्र वाचते, त्याच्या पैशावर नवं आयुष्य सुरू करणार असते. म्हणजे त्याचं मरण तिच्या आयुष्याची शिडी झाली, आणि हे मला पटूच शकत नाही.

एका माणसाचा निर्णय आहे, सगळ्या अपंगांबद्दल विधान नाही, हे म्हणणं मला मान्य आहे. मग शब्दही तेवढाच हवा ना. मी तरी "त्याने मरायचं ठरवलं" असं साधंच लिहिते. डॉक्टरकी किंवा कोर्टाच्या मराठीत याहून नेमका शब्द वापरात असेल तर प्लीज सांगा, वाक्यासकट.