पहिली मोठी मॅरेथॉन: तुमची माणसं कुठे उभी होती?

न्यूयॉर्क मॅरेथॉन धावून मला तीन आठवडे झाले. दोन नखं अजून काळी आहेत, जिना उतरताना मांड्या मात्र आता दुखत नाहीत. डोळ्यांपुढून हलत नाही ते एकच दृश्य: फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डाव्या फुटपाथवर, गर्दीच्या दुसऱ्या रांगेत, घडीच्या स्टुलावर उभी राहिलेली माझी आई.

सराव, बूट, खाणं यांवर वाचायला भरपूर मिळतं. पण घरच्यांनी कुठे उभं राहावं, ती दिसली की काय होतं, चुकामूक झाली तर काय होतं, यावर मला जाण्याआधी फारसं काही सापडलं नव्हतं. म्हणून विचारतेय. पहिल्या मोठ्या शहरी मॅरेथॉनला तुमचं कोण आलं होतं, कितव्या किलोमीटरला होतं आणि तिथे नेमकं काय घडलं? धावलेल्यांनी लिहाच, पण जे कुणासाठी तरी तासन् तास रस्त्याकडेला उभे राहिले त्यांनी जास्त लिहा. त्यांचं ऐकायलाच मिळत नाही.

आधी माझं सांगते.

न्यूयॉर्कची सुरुवात स्टेटन आयलंडवर, व्हेराझानो पुलाच्या तोंडाशी होते. तिथे घरचं कुणी येऊ शकत नाही. पहाटे एकटीच बसने गेले आणि नोव्हेंबरच्या थंडीत जुना स्वेटर अंगावर ओढून ताटकळत बसले. पुलाची सुरुवात चढाची, तिथेही प्रेक्षक नाहीत. मग ब्रुकलिन येतं आणि कानठळ्या बसतात. बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या पट्टीवर, नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, त्यामुळे कोण कुठली माणसं मला नावाने हाका मारत होती. त्या हाकांच्या भरात मी किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद ही ठरवलेली गती विसरले आणि ६ मिनिटं १० सेकंदांनी पळत राहिले. ही उधारी नंतर फेडावी लागते, ते तेव्हा लक्षात येत नाही.

साधारण २५व्या किलोमीटरला क्वीन्सबरो पूल. खालच्या मजल्यावरून धावायचं, डोक्यावर दुसरा मजला, आणि एकही प्रेक्षक नाही. इतका वेळचा गोंगाट एकदम बंद. फक्त बुटांचे आवाज आणि शेजारच्यांचे श्वास. तिथे मी पहिल्यांदा चालले. मनात एकच घोकत होते, दोन किलोमीटरवर आई, दोन किलोमीटरवर आई.

जागा भावाने हेरली होती. फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर आपण उत्तरेकडे धावतो, ब्राँक्सला शिवून येतो आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून दक्षिणेकडे परततो. दोन्ही रस्ते समांतर, मधे किलोमीटर-सव्वा किलोमीटरचं अंतर. घरची माणसं या दोन रस्त्यांच्या मधल्या भागात राहिली, तर त्यांना शर्यतीचा रस्ता ओलांडावाच लागत नाही, आणि धावणाऱ्याने दोन्ही वेळा डावीकडेच बघायचं. २७व्या किलोमीटरला एकदा, ३८व्याला पुन्हा. मधे त्यांना चालायला तासाभराच्या वर वेळ. जे पहिल्यांदा जाणार आहेत त्यांनी हे लिहून ठेवा.

आई दिसली. आजूबाजूला सगळे ओरडत होते, ती ओरडली नाही. स्टुलावरून उतरली, कठड्यावरून वाकून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "पाणी प्यायलीस का?" मी हो म्हटलं. "मग जा."

दहा सेकंदसुद्धा झाले नसतील. त्यानंतरचे तीन किलोमीटर कसे गेले ते मला आठवत नाही. ब्राँक्सनंतर मात्र पाय जड झाले आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या लांबलचक चढावर पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तिथे आई पुन्हा होती. या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सेंट्रल पार्कमध्ये शेवटची रेषा ओलांडली तेव्हा ४ तास ५२ मिनिटं झाली होती.

आता तुम्ही लिहा.

*

मी २०२४ साली शिकागो धावले, वयाच्या ५८व्या वर्षी. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. जोन बेनॉइट जिंकली. तेव्हा मी १८ वर्षांची होते आणि बायका एवढं अंतर धावू शकतात हेच मला नवीन होतं. पुढच्या वर्षी तिने शिकागोही जिंकली. म्हणून पहिली धावेन तर हीच, असं मनात धरलं होतं.

आमची चुकामूक झाली. ह्यांच्या फोनवर ते अ‍ॅप होतं, त्यात माझा ठिपका नकाशावर सरकताना दिसतो. ह्यांना वाटलं तो ठिपका म्हणजे मीच. तसं नसतं. बिबला लावलेली चिप फक्त रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून जाताना नोंद देते, आणि अशा मॅट सहसा दर ५ किलोमीटरला असतात. मधला ठिपका हा आधीच्या गतीवरून बांधलेला अंदाज. मी १८व्या किलोमीटरला स्वच्छतागृहाच्या रांगेत सहा-सात मिनिटं उभी होते आणि ठिपका बिचारा पुढे पळत होता. अर्ध्या अंतरावर हे उभे होते. ठिपका पुढे निघून गेलेला दिसला तशी ह्यांना वाटलं, आपण हिला बघायचंच चुकलो. हे तिथून निघाले आणि पाच मिनिटांनी मी तिथे पोचले.

पुढचे आठ-दहा किलोमीटर मी धावत नव्हते, माणूस शोधत होते. प्रत्येक निळ्या टोपीकडे मान वळत होती. मान दुखायला लागली. धाप लागण्यापेक्षा ते जास्त दमवणारं होतं, हे खरंच सांगते.

हे मला सापडले चायनाटाउनमध्ये, ३४व्या किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने पुढे येऊन थांबले होते. माझ्याआधी त्यांचेच डोळे भरले. "मला वाटलं तू पडलीस कुठेतरी," म्हणाले. लग्नाला ३३ वर्षं झाली, ह्यांना रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं.

शिकागो सपाट आहे. आदल्याच वर्षी केनियाचा धावपटू केल्व्हिन किप्टम इथे २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत धावला होता. मला ६ तास ४ मिनिटं लागली. शेवटी रूझव्हेल्ट रोडवर एक छोटा चढ आहे, एरवी कुणी त्याला चढ म्हणणारही नाही. तो मी चालतच चढले, आणि मग उरलेलं धावले.

घरच्यांना एवढंच सांगा: ठिपका पुढे गेला तरी अर्धा तास जागा सोडू नका.

*

मी धावत नाही. बायको लंडन धावली, मी आणि आमचा पाच वर्षांचा मुलगा प्रेक्षक.

कटी सार्क जहाजापाशी किंवा टॉवर ब्रिजवर उभं राहू नका असं आम्हाला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. तिथे एवढी गर्दी होते की लहान मुलाला फक्त पाठी दिसतात. आम्ही गेलो द हायवे नावाच्या रस्त्यावर. टॉवर ब्रिजनंतर, म्हणजे अर्धं अंतर झाल्यावर, धावणारे या रस्त्याने पूर्वेकडे जातात आणि ३५-३६व्या किलोमीटरला याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने परत येतात. एका जागी उभं राहून दोनदा भेट.

मुलाने विचारलं, "आई पहिली येणार का?" मी म्हटलं, पहिले आलेले केव्हाच घरी गेले. त्याला ते अजिबात पटलं नाही. त्याच्या मते, जे अजून धावतायत तेच खरे धावणारे.

मग दुसरा प्रश्न, ४२ किलोमीटर झाले तरी आई का थांबणार नाही? हे मला माहीत होतं आणि सांगायला बराच वेळ होता. १९०८च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९२१ साली तेच कायमचं ठरलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे राजामुळे आईला जास्त पळायला लागतंय." त्यानंतर जो येईल त्याला तो "अजून थोडंच राजासाठी!" असं ओरडून सांगत होता. कुणाला मराठी कळत नव्हतं, पण बरेच जण त्याला टाळी देऊन गेले.

दिवसभरात बायको मला एकूण मिनिटभर दिसली असेल. उरलेले पाच तास मी दुसऱ्यांच्या बायकांना, नवऱ्यांना, आयांना, मुलांना टाळ्या वाजवल्या. हे मी आधी धरलंच नव्हतं. संध्याकाळी आवाज पार बसला होता.

एक गोष्ट चुकली. शेवटच्या रेषेवर आईचा हात धरून पळायचं, असं मुलाला कबूल केलं होतं. मोठ्या शर्यतींत सहसा हे चालत नाही. मागून दमलेली माणसं येत असतात, कुणी कोसळतं, त्यात लहान मूल नको. नियम योग्यच आहे, आधी वाचायला हवा होता. शेवटी हॉर्स गार्ड्सजवळ इंग्रजी अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात, त्यांतल्या आमच्या आडनावाच्या अक्षराखाली भेटायचं ठरलं होतं. ती लांबून चालत येताना दिसली तेव्हा मुलगा पळत गेला आणि तिचा हात धरून तिला त्या पाटीपर्यंत पळायला लावलं. साधारण वीस पावलं. ती पळाली.

*

माझा अनुभव वेगळा आहे, पण तोही इथे असावा असं वाटतं. मी बर्लिन पूर्ण करू शकलो नाही.

२४व्या किलोमीटरपासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. सरावात एकदा असं झालं होतं, तेव्हा लगेच थांबलो होतो. त्या दिवशी थांबलो नाही, कारण ३०व्या किलोमीटरला आई, बाबा, बहीण उभे होते. एवढा लांबचा प्रवास करून फक्त माझ्यासाठी आले होते. त्यांच्यासमोर लंगडत कसं जायचं, या एका विचारावर मी सहा किलोमीटर ओढले. त्या सहा किलोमीटरांनी माझा गुडघा चार महिने घेतला.

बहिणीने लांबूनच ओळखलं. ती कठड्याशी आली आणि म्हणाली, "दादा, झालं. ये इकडे." बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी स्वतःचं जॅकेट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. मी ज्यांना घाबरत होतो त्यांच्यापैकी कुणालाच मी पूर्ण करावं असं वाटत नव्हतं. त्यांना मी हवा होतो.

त्यामुळे माझी विनंती: शर्यतीच्या आदल्या रात्री घरच्यांशी हे स्पष्ट बोला. "मी मधेच थांबलो तर चालेल ना?" असं विचारा आणि त्यांचं उत्तर ऐका. मी ते विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी ब्रांडेनबुर्ग गेटखालून चालत गेलो. शर्यतीत तिथून शेवटची रेषा काहीशे मीटरवरच असते. आम्ही सावकाश गेलो.

*

पाण्याबद्दल लिहितो, कारण वरच्या "पाणी प्यायलीस का"वरून आठवलं. त्या आईंनी विचारून सोडून दिलं, ते फार बरं केलं.

माझ्या पहिल्या मॅरेथॉनला बायको आणि मेहुणा सायकलवरून चार ठिकाणी भेटले आणि चारही ठिकाणी त्यांनी मला बाटली संपवायला लावली. शिवाय वाटेतलं प्रत्येक पाण्याचं टेबल मी घेतच होतो. ३५च्या पुढे बोटं सुजून अंगठी रुतायला लागली, मळमळ, डोकं जड. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायलो. वैद्यकीय तंबूत रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. जास्त पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

नंतर वाचलं की २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. जास्त वेळ घेणारे आणि शर्यतीत वजन वाढलेले त्यात अधिक होते. म्हणजे माझ्यासारखेच, हळू धावणारे आणि भरपूर पिणारे.

बायकोला फार वाईट वाटलं. तिची काहीच चूक नव्हती, मीच तिला काही सांगितलं नव्हतं. आणखी एक: बऱ्याच शर्यतींत अधिकृत टेबलाबाहेर कुणाकडून काही घेणं नियमात बसत नाही, तेही बघून ठेवा. आता ती फक्त एक पाटी घेऊन उभी राहते. त्यावर लिहिलेलं असतं, "तहान लागली तरच."

*

सुरुवातीला जिने लिहिलंय तिचा मी भाऊ. एक गोष्ट तिलाही माहीत नाही, म्हणून लिहितोय.

आई ६८ वर्षांची आहे. बहिणीची तारीख ठरल्यावर तिने मला विचारलं, "मला किती वेळ उभं राहावं लागेल?" मी म्हटलं, चालणं धरून चार-पाच तास. त्यावर ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी उभी राहायला लागली. गॅलरीत, कठड्याला हात न लावता. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं. मग अर्धा तास. शेवटच्या आठवड्यात दीड तास. शिवाय जिना, रोज दोनदा. ताईला सांगू नकोस म्हणाली, "ती मलाच जपत बसेल."

फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूला ताई पुढे गेली आणि आम्ही फिफ्थकडे चालायला लागलो. आईला मधे एकदा पायरीवर बसावं लागलं. घड्याळ बघून सात मिनिटं बसली आणि उठली.

फिफ्थला ताई आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती आमच्याकडे नुसती बघत गेली. गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत आई टाचा उंचावून बघत होती. मग मला म्हणाली, "अजून किती राहिलंय तिचं?"

"चार किलोमीटर."

"मग इथे कशाला थांबायचं? चल, आपणही चालू."

मी स्टूल घडी करून खांद्याला लावलं आणि आम्ही निघालो.