अल्बिनो अजगर: 'हेट'ला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा
बॉल पायथनच्या पैदाशीवरचा एक लेख मराठीत करतेय. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला हा आखूड अजगर. भ्याला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. माझं अडलंय ते पुढच्या वाक्यावर: साप दिसायला नेहमीसारखा, पण अल्बिनोसाठी 'हेट' ('हेटरोझायगस'चं लघुरूप). म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक अल्बिनोची, एक नेहमीची. असे दोन हेट जोडले तर दर अंड्यामागे अल्बिनोची शक्यता चारात एक.
मी 'वाहक' लिहिलं होतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "वाहक मी होतो, तीस वर्षं, कोल्हापूर डेपोला. हा साप कुणाला कुठं नेतोय?" तेव्हापासून तो शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही. दुसरा सुचवा.

खडूफळा
'विषमयुग्मजी' आहे की. मी शाळेत शिकवतो, मुलांच्या तोंडात चार दिवसांत बसतो. आणि 'अल्बिनो' तरी कशाला ठेवायचा? 'वर्णकहीन' पाठ्यपुस्तकातच आहे. असलेला शब्द आपणच वापरला नाही तर तो मरणारच.

पंचगंगाकाठ
माणसाला ठीक आहे, या सापाला 'वर्णकहीन' चुकीचा ठरतो. अल्बिनो बॉल पायथनचा फोटो नीट बघा. नेहमीच्या सापात जिथं काळं असतं तिथं पांढरं, आणि जिथं तपकिरी ठिपके असतात तिथं पिवळं, अगदी नव्या गुळाच्या ढेपेसारखं. डोळे लालसर. टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) काम करत नाही म्हणून मेलॅनिन, म्हणजे काळा-तपकिरी रंग, बनत नाही, एवढंच. पिवळा रंग वेगळ्या पेशींत तयार होतो, तो शाबूत राहतो. एक रंग गेला आणि एक राहिला, त्याला हीन कसं म्हणायचं? 'धवल' तर त्याहून चूक.

खडूफळा
मान्य. मग 'अकृष्ण' म्हणा. गेलं काय ते नेमकं सांगतो.

गंगावेस
अकृष्ण म्हटल्यावर आमच्या गल्लीत गोकुळाष्टमीच आठवंल सगळ्यांस्नी. आमच्या गोठ्यात पंढरपुरी म्हशीला एकदा भुरं रेडकू झालतं. नाकपुडी गुलाबी, पापण्या पांढऱ्या, उन्हात डोळं उघडायचं न्हाई. आज्जी त्याला दुपारभर गोणपाटाच्या आडोशाला बांधायची. ती 'भुरं'च म्हणायची, सगळ्यांस्नी कळायचं. आन् तुमच्या त्या हेटलाबी तिच्याकडं शब्द हुता. रेडकाची आई काळीभोर. आज्जी म्हणायची, "हिच्या रक्तात हाय, अंगावर न्हाई."

उंबरठा
'रक्तात आहे, अंगावर नाही'! अहो, ही तर हेटची व्याख्याच झाली. पण तक्त्यात दर ओळीला एवढं लिहायचं कसं?

खडूफळा
आजींचा अनुभव खरा, पण 'भुरा' म्हणजे मातकट, तपकिरी. संस्कृत 'बभ्रु'वरून आला असावा. भुरे केस म्हणतो तेव्हा पांढरे म्हणत नाही आपण.

गंगावेस
बभ्रु गोठ्यात कवा आलता? आमच्याकडं वापरत्यात ते मी सांगितलं. शब्द वापरणाऱ्याचा असतोय सर.

पंचगंगाकाठ
'रक्तात' शास्त्रीयदृष्ट्या खटकतं, जनुकं काय रक्तातच नसतात. बाकी या सापाची हकीकत त्या वाक्यासारखीच आहे. अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी १९९२ साली पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची पैदास केली, तेव्हा हा रंग आनुवंशिक आणि अप्रभावी असल्याचं सिद्ध झालं. अप्रभावी, म्हणजे दोन्हीकडून आला तरच अंगावर दिसतो.
(कुणी कोल्हापुरात अजगर पाळायचा विचार करत असेल तर: आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे.)

तिसरी गल्ली
'मॉर्फ'ला, म्हणजे सापाच्या आनुवंशिक रंगप्रकाराला, काय लिहिलंय? माझं मत 'वाण'. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. यातला वाण म्हणजे रंगच, 'वर्ण'वरून आलेला. बियाण्याचा वाण म्हणतो तेव्हा पिढीजात गुणही त्यात येतात. रंग आणि वंश दोन्ही एका शब्दात. एवढा आयता शब्द घरात असताना मॉर्फ का?

हळदीकुंकू
वाण म्हटलं की बायकांना संक्रांतीचंच आठवणार.

तिसरी गल्ली
ते वाण 'वायन'वरून. उच्चार एक, शब्द दोन.

खडूफळा
'वाण' उत्तम, माझा पाठिंबा. शिवाय म्हणीतलं अर्धं शास्त्र बरोबर निघतं: शेजारी बांधून वाण लागत नाही, तो आईबापांकडूनच यावा लागतो.

उंबरठा
वाण घेतला, आभार. पण हेट राहिलाच. त्यात मूळ लेखात '६६ टक्के हेट' असं येतं. दोन हेटची पिल्लं. त्यातली अल्बिनो बाजूला काढली की उरलेल्या साध्या पिल्लांपैकी तीनात दोन हेट असणार, पण कुठली ते बघून कळत नाही. म्हणून प्रत्येकाला '६६ टक्के'. मराठीत सरळ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, एकाच सापात ६६ टक्के काहीतरी आहे. आणि सहा अंडी घातली तरी एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास राहते. विकत घेणारा इथंच फसतो, म्हणून शब्द चोख हवा. 'संभाव्य' जोडू का?

गंगावेस
पवळा म्हंजे नेमका कुठला रंग पण? आमच्यात तांबूस बैलाला म्हणत्यात.

हळदीकुंकू
पोवळ्याचा, म्हणजे लालसर. माझ्या माहेरी कागलकडं मात्र पिवळट बैलाला पवळ्या म्हणायचे.

गंगावेस
पिवळट? न्हाई ताई, त्यो कोसा आसंल. मामाच्या दावणीला दोन्ही हुते, रविवारी जाऊन इचारतो.