मोडीच्या कामासाठी घरच्या कॉम्प्युटरला दोन-तीन स्क्रीन जोडायच्या आहेत

मोडीवाचक (दारव्हा तालुका)

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करून देणं हे माझं घरबसल्याचं काम. जात पडताळणीसाठी लोकांना जुने पुरावे लागतात, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आपल्या भागात कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या) नकला, दाखल-खारीज (शाळेचं नोंदणी रजिस्टर), जुनी खरेदीखतं यांत कितीतरी नोंदी मोडीत आहेत. कोणी नक्कल घेऊन घरी येतं, कोणी स्कॅन पाठवतं.

काम करताना तीन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. मूळ कागद, मी टाइप करते ती फाईल, आणि माझी अक्षरवळणांची वही (ती मी फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घेतली आहे, कारण प्रत्येक लेखनिकाचा हात वेगळा). त्यातच फसली सन (महसुलाचं जुनं वर्ष) आलं की महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढायचं, त्याचा तक्ताही उघडा ठेवते. सध्या हे सगळं एका साडेअठरा इंची मॉनिटरवर चाललं आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळ सलग वाहत जाते. खिडकी बदलून टाइप करायला गेलं आणि परत आलं की नजर नेमकी कुठं होती ते सापडत नाही. एखाद्या आजोबाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर त्या घरातल्या पोराचा दाखला अडकतो. म्हणून मला ही सोय नीट करून घ्यायची आहे, कामचलाऊ नको.

माझ्याकडे असलेलं सामान: अमरावतीहून घेतलेला जुना सीपीयू, आय५ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मागं व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय असे तिन्ही पोर्ट आहेत. जुना मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, त्याला फक्त व्हीजीए. भावानं त्याचा साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर दिला आहे, त्याला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही. शिवाय घरात ३२ इंची टीव्ही आहे.

दुकानदार म्हणतो एचडीएमआयचा स्प्लिटर घ्या, काम होऊन जाईल. तो घ्यावा का? तीन पोर्ट आहेत म्हणजे तीन स्क्रीन चालतील का? आणि टीव्ही तिसरी स्क्रीन म्हणून वापरता येईल का? आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही, तेही लक्षात घेऊन सांगा.

परतवाडा रिपेअरिंग

ताई, स्प्लिटर घेऊ नका. स्प्लिटर एकच चित्र दोन्हीकडे दाखवते. लग्नाच्या हॉलमंदी दोन टीव्हीवर एकच शूटिंग दाखवाचं असन तर ते कामाचं. तुमाले वेगवेगळं पाहाचं आहे, त्याले प्रत्येक मॉनिटरची केबल सीपीयूच्या वेगळ्या पोर्टात जावी लागते.

आता तीन पोर्टांचं. स्टार्टमंदी जाऊन सिस्टीम इन्फर्मेशन उघडा अन् बेसबोर्ड प्रॉडक्टच्या पुढं काय लिवलं आहे ते पाहा. त्यात एच८१ दिसलं तर दोनच स्क्रीन चालतीन. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, त्याच्यात तीन स्क्रीनची ताकद आहे, पण इंटेलनं एच८१ चिपसेटले (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपले) दोनचीच मर्यादा ठेवली. कंपनीनं पोर्ट तीन देल्ले, त्यातले कोणतेबी दोन एका वेळी चालतात. बी८५, एच८७, क्यू८७ असन तर तीन चालतात. लोकं तिसरी केबल लावतात, चित्र येत नाही, अन् मंग मॉनिटर खराब आहे समजून मलेच आणून देतात. मॉनिटरले काहीच झालेलं नसते.

एच८१ निघालं तरी घाबरू नका. एक लहान ग्राफिक कार्ड टाकलं का तिसरी स्क्रीन होते. जीटी ७१० सारखं कार्ड १९ वॅटचं असते, त्याले वेगळी पॉवरची वायर लागत नाही, स्लॉटातूनच करंट घेते. तुमचं काम वाचाचं आन टाइपाचं, गेम खेळाचं नाही, त्याले हे लय झालं. फक्त एक ध्यानात ठेवा, कार्ड बसवलं का बऱ्याच बोर्डांत मदरबोर्डावरचे पोर्ट आपोआप बंद होतात. बायोसमंदी (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडते त्या सेटिंगमंदी) जाऊन आयजीपीयू मल्टी मॉनिटर नावाची सेटिंग चालू करा लागते. मंग कार्डाचे अन् बोर्डाचे असे दोन्हीकडचे पोर्ट चालतात.

मोडीवाचक

दादा, पाहिलं. एच८१ च आहे. म्हणजे आधी दोन स्क्रीनवर काम सुरू करते. एक विचारायचं, जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. पुढं एचडीएमआयमधून त्याला जोडायची वेळ आली तर कनव्हर्टर चालतो का?

परतवाडा रिपेअरिंग

चालते, पण दिशा पाहून घ्या. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा वेगळा अन् व्हीजीएमधून एचडीएमआय करणारा वेगळा. दिसाले सारखे असतात, पण उलटा लावला तर काहीच होत नाही. आत चिप असते, ती डिजिटलचं अ‍ॅनालॉग करते. सध्या तुमाले गरजच नाही: जुना मॉनिटर व्हीजीएवर ठेवा, भावाचा एचडीएमआयवर. व्हीजीएवर अक्षर थोडं पसरल्यावाणी दिसते, मॉनिटरवरचं ऑटो बटन दाबा, सुधरते. पण मूळ कागद मात्र एचडीएमआयवाल्यावरच पाहा.

खामगावचा वायरमन

मॉनिटरचं वरती सांगून झालं आहे. मी लाईटवर लिहितो, कारण खेड्यात दोन स्क्रीन लावल्यावर पोर्ट जळतात ते बहुतेक अर्थिंगमुळे, आणि दोष केबलला दिला जातो.

ताई, कॉम्प्युटर चालू असताना सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या तिसऱ्या पिनेला अर्थ पोचलेला नाही. एसएमपीएसमध्ये (सीपीयूच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर तो पत्र्यावर साचून राहतो, मीटर लावला तर शंभराच्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट फार थोडा असतो, पण पोर्टामागची नाजूक चिप जाळायला तो पुरतो. सीपीयू एका खोलीतल्या बोर्डावर, टीव्ही दुसऱ्या भिंतीच्या बोर्डावर, त्याला डिशची केबल, आणि चालू असतानाच कोणी एचडीएमआय खुपसली, की पोर्ट गेला.

म्हणून तीन गोष्टी कराच. सीपीयू आणि सगळे मॉनिटर एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, एकाच सॉकेटमधून. केबल काढ-घाल करायची तर आधी सगळ्यांचे प्लग काढून. आणि घराला खरं अर्थिंग. मीटर लावून बघून घ्या: फेज ते अर्थ हे फेज ते न्यूट्रल इतकंच यायला पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे व्होल्ट. कोणी सांगेल की सॉकेटमध्ये न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला जोडून देतो. ते अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कुठं तुटली तर सगळ्या यंत्रांच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, माणूस जातो.

आपल्या काळ्या मातीचा एक गुण आहे. पावसाळ्यात ती फुगून अर्थिंगच्या पाइपाला घट्ट धरते, अर्थ उत्तम मिळतो. चैत्र-वैशाखात तीच भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थ कमजोर होतो. कोळसा-मीठ टाकून खड्डा भरलेला असला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. सांडपाण्याच्या किंवा हापशीच्या जवळ खड्डा घेतला तर ओल आपोआप राहते.

लोडचं घाबरण्यासारखं काही नाही. बावीस इंचाच्या आतबाहेरचा एलईडी मॉनिटर २०-२५ वॅट घेतो. तुमचा सीपीयू आणि दोन मॉनिटर मिळून दीडशे वॅटच्या आतबाहेर. ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत पेलतो, म्हणजे फाईल सेव्ह करून बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. मॉनिटरही युपीएसवरच ठेवा, सीपीयू चालू आणि स्क्रीन काळी असेल तर सेव्ह कसं करणार. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही.

आर्वीचा डीटीपीवाला

टीव्हीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ३२ इंची टीव्ही १३६६ बाय ७६८ चा असेल तर जवळून वाचायला तो घेऊ नका. त्यात एका इंचात ४९ च ठिपके पडतात. तुमच्या जुन्या साडेअठरा इंची मॉनिटरमध्ये ८५, भावाच्या मॉनिटरमध्ये १०२. मोडीत बोरूची बारीक गाठ, वेलांटीचं वळण यावरच अक्षर ठरतं, ते टीव्हीवर फुटून दिसेल. कागदाचे मालक समोर बसले असताना त्यांना लांबून दाखवायला मात्र टीव्ही बरा.

माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीचा आहे: भावाचा मॉनिटर उभा करा. साडेआठ बाय तेरा इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचात ३०० ठिपके) स्कॅन केलं तर २५५० बाय ३९०० पिक्सेलचं होतं. आडव्या फुल एचडीवर अख्खं पान बसवलं तर २८ टक्क्यांवर बसतं, उभ्यावर ४२ टक्क्यांवर. फरक डोळ्यांना लगेच कळतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या स्क्रीनवर क्लिक करून ओरिएंटेशन पोर्ट्रेट करायचं, बस. मॉनिटरचा स्टँड फिरत नसेल तर मागं चार स्क्रूची भोकं पाहा, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची. त्याला भिंतीचा ब्रॅकेट बसतो. पण आधी एक तपासा. मॉनिटर हातात धरून उभा करा आणि डावीकडून, उजवीकडून पाहा. रंग उलटे-काळपट दिसले तर पॅनेल टीएन (स्वस्तातला प्रकार) आहे, ते उभं केलं की एका डोळ्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं दिसतं, डोकं चढतं. आयपीएस (बाजूनंही रंग नीट दिसणारा प्रकार) असेल तर बिनधास्त.

टाइपिंग आडव्या स्क्रीनवरच ठेवा. विंडोजचं अक्षर गुळगुळीत करणारं क्लिअरटाइप आडव्या पॅनेलच्या हिशोबानं चालतं, उभ्यावर अक्षरं तितकी सुबक येत नाहीत.

मोडीवाचक

आर्वीवाले दादा, उभ्या स्क्रीनची कल्पना मनाला पटली, पण माझ्या कामात अडचण आहे. खरेदीखत, पत्र, सनद उभ्या कागदावर असतात, त्यांना उभी स्क्रीन उत्तम. कोतवाल बुक मात्र रकान्यांचं असतं: तारीख, नाव, बापाचं नाव, जात, गाव, एका रांगेत लांबपर्यंत. ती रांग डावीकडून उजवीकडे एका नजरेत दिसली नाही तर वरच्या रांगेतल्या माणसाची जात खालच्याला लागायची भीती असते. माझ्याकडे जास्त काम कोतवाल बुकाचंच येतं. म्हणून तो मॉनिटर आडवाच ठेवला.

तसाही हातात धरून पाहिला, बाजूनं काळपट दिसतो.

दोन्ही मॉनिटर लावून काम सुरू झालं आहे. मोठ्यावर कागद, लहानावर वर्ड. पहिल्यांदा दोन्हीकडे तेच दिसत होतं, विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड केल्यावर वेगळं झालं. लहान मॉनिटर माझ्या डाव्या हाताला आहे आणि माऊस मात्र उजवीकडून तिकडे जात होता. डिस्प्ले सेटिंगमधले एक-दोनचे चौकोन ओढून टेबलावर आहेत तसे ठेवले, आता सरळ जातो. विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबला की खिडकी या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर जाते, ते फार कामाचं आहे. कागदावरची नजर न हलवता टाइप करता येतं. एका रांगेत नाव अर्धवट पुसलेलं असेल तर ते तिथंच मोठं करून ठेवून वहीतली वळणं शेजारी लावून पाहते. असं आधी करताच येत नव्हतं.

खामगावच्या दादांनी लिहिलेलं सगळं यांना वाचून दाखवलं. पत्र्याला झिणझिण्या येतात, आणि आम्ही ते साधंच समजत होतो. हापशीजवळ खड्डा घ्यायचं ठरलं आहे.

तिसऱ्या स्क्रीनसाठी कार्ड अर्थिंग झाल्यावरच घेते. माझा सीपीयूचा डबा बुटका आहे, पुस्तकासारखा आडवा ठेवतात तसा. त्यात कोणतंही कार्ड बसेल का?

परतवाडा रिपेअरिंग

नाही बसत. बुटक्या डब्यात लो प्रोफाइल कार्डच जाते, ते उंचीले अर्धं असते. जीटी ७१० त्यात येते. पण कार्डाले लावलेली पत्र्याची पट्टी बहुतेक लांब असते, अन् लहान पट्टी डब्यात वेगळी ठेवलेली असते. जुनं कार्ड घेतलं तर ती लहान पट्टी हरपलेली असू शकते, मंग कार्ड आत जाऊनबी स्क्रूनं आवळता येत नाही. दुकानात पट्टी डोळ्यानं पाहा, मंगच पैसे द्या. बोर्डावर लांबवाला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा आहे का तेबी डबा उघडून पाहून घ्या, प्लग काढून.