बी.एस्सी.नंतर चौथं वर्ष की एम.एस्सी.? शिकण्यात फरक काय असतो?

डिचोलीची_आई
मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२३ ला गोव्यात नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, त्याची ही पहिलीच बॅच. आता कॉलेजात विचारतायत, तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडणार की चौथं वर्ष करणार? तिचे बाबा म्हणतात, चौथं केलं की एम.एस्सी. एका वर्षात होते, तेवढंच वर्ष वाचलं. माझा भाऊ म्हणतो, सरळ ताळगावला गोवा विद्यापीठात एम.एस्सी.ला जा. मी बारावीपर्यंतच शिकलेय. मला एवढंच सांगा, बी.एस्सी. आणि एम.एस्सी.त वेगळं असं शिकवतात तरी काय? विषय तोच, प्रयोगशाळाही तशीच.

फोंड्याचा_हिशेबनीस
वर्ष वाचत नाही हो ताई. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एकही पाचच. क्रेडिटंसुद्धा (अभ्यासाचं मोजमाप) तेवढीच: १२० अधिक ८०, नाहीतर १६० अधिक ४०. हायर सेकंडरीत शिकवायचं मनात असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात, हायस्कूलला बी.एस्सी., बी.एड. चालतं.

वेरणा_जनरल_शिफ्ट
हिशेब बरोबर आहे, पण ताईंनी विचारलंय वेगळंच.

मी फर्मागुडीला बी.एस्सी. केली, मग ताळगावच्या पठारावर ऑर्गॅनिकमध्ये एम.एस्सी. आता वेरण्याला औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, आहे. बी.एस्सी.त ओळखायला एका पुडीत पदार्थ देतात, त्यात काय आहे ते सरांना ठाऊक असतं. आपण वितळणबिंदू काढायचा, फंक्शनल ग्रुप (रेणूतला ठरावीक अणुगट) ओळखायचा, बेंझोइक अ‍ॅसिड लिहून मोकळं व्हायचं. कुणाच्या पुडीत काय, हे बाहेर आधीच फिरलेलं असतं, उगाच कशाला नाकारा! पण त्यातून हात बसतो. शिवाय तिथे सगळंच थोडं थोडं असतं: ऑर्गॅनिक, इनऑर्गॅनिक, फिजिकल, वर मायनर (दुय्यम विषय), भाषा, कौशल्याचे पेपर.

एम.एस्सी.ला डिझर्टेशनसाठी, म्हणजे संशोधन प्रबंधासाठी, मला जे संयुग बनवायला दिलं, ते बनतं की नाही हे गाईडनाही ठाऊक नव्हतं. मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे दाखवणाऱ्या टीएलसीच्या प्लेटवर एक ठिपका हवा, तिथे चार दिसायचे. मग ते घटक वेगळे करायला सिलिकाचा कॉलम भरायचा, थेंब थेंब गोळा करत बसायचं, संध्याकाळची कदंबा बस चुकायची. एनएमआर (रेणूची रचना सांगणारा आलेख) हातात आला की मॅडम विचारणार, 'हा पीक कुठल्या हायड्रोजनचा?' आणि ते कुठल्याच नोट्समध्ये नसतं. जुने शोधनिबंध उपसायचे, अंदाज बांधायचा, तो सेमिनारला सगळ्यांसमोर मांडायचा आणि लोकांनी तो खोडला की परत प्रयोगशाळेत. मला ते आवडलं. माझ्या वर्गातल्या काहींना अजिबात आवडलं नाही, आणि त्या मुली माझ्याहून हुशार होत्या.

नोकरीचं म्हणाल तर आमच्याकडे बी.एस्सी.वाले नि एम.एस्सी.वाले एकाच एचपीएलसीसमोर (औषधातले घटक मोजणारं यंत्र) उभे असतात. सुरुवातीच्या पगारातला फरक दोन वर्षं घालवावीत एवढा नाही. मात्र एखादा नमुना मर्यादेबाहेर गेला आणि कारण शोधायचं झालं, की हाक बहुधा एम.एस्सी.वाल्याला जाते. नुसत्या पगारासाठी एम.एस्सी. करणार असेल तर मी म्हणेन, आधी नोकरी धरू दे.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. साध्या ऑनर्सला विषयाचे पेपर जास्त. 'ऑनर्स विथ रिसर्च'ला संशोधन प्रकल्प, पण त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. ते करून चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पार पडली तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. म्हणून कॉलेजात हे विचारा: केमिस्ट्रीत पीएच.डी.चे गाईड असलेले शिक्षक किती आहेत, आणि प्रकल्पाचे नमुने एनएमआरला कुठे पाठवणार?

डिचोलीची_आई
पाचव्या सेमिस्टरपर्यंत तिचे ७२ टक्के आहेत. प्रॅक्टिकल आवडतं म्हणते, पण तुमचं वाचून जरा गप्प झालीय.

वेरणा_जनरल_शिफ्ट
गप्प झाली ते बरंच, विचार करतेय. ७२ वरून ७५ व्हायला सहाव्या सेमिस्टरला बरीच मोठी उडी लागेल, त्यावर विसंबू नका. साध्या ऑनर्ससाठी कॉलेजात आणखी एक वर्ष काढण्यापेक्षा मी तरी तीन वर्षांवर बाहेर पडून दोन वर्षांची एम.एस्सी. धरेन. नाहीच जमलं तर पहिल्या वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन निघता येतं. विद्यापीठाच्या प्रवेशाला जीयू-आर्ट ही प्रवेश परीक्षा असते, तिचा फॉर्म आत्ताच भरून ठेवायला सांगा. विचार बदलला तर फॉर्मचे पैसे गेले, एवढंच.